निंबदरीच्या पोरी

सुचिता मॅडम पहिल्यांदा घरी आल्या तेव्हा भिमाबाईने त्यांना दारातूनच परत पाठवलं होतं.

मॅडम चिखलीच्या. खेळाच्या शिक्षिका. स्कूटी बाभळीखाली लावून, हातात वही घेऊन त्या भीमनगरात घरोघर फिरत होत्या. निंबदरीत मुलींचा कबड्डीचा संघ काढायचा म्हणत होत्या. भिमाबाईची नात मनाली तेव्हा अकरा-बारा वर्षांची, धावायला हरणासारखी. तिचं नाव वहीत पहिलं होतं.

"कबड्डी खेळू द्या तिले, माई ना नाही," भिमाबाई म्हणाली. "पण कोनासंगं?"

"गावातल्याच मुली, आजी. सहा भीमनगरच्या, सहा गावठाणातल्या."

भिमाबाईने हातातला झाडू खाली टेकवला. "ज्याइनं आमचे घरं जाळले त्याइच्या पोरीइच्या हातात हात द्याचा आमच्या लेकरानं? जा मॅडम. ऊन होऊन राह्यलं. जा घरी."

मॅडम गेल्या. पण पुढच्या शनिवारी पुन्हा आल्या, आणि त्याच्या पुढच्याही.

निंबदरी हे अमडापूरपासून नऊ किलोमीटरवरचं गाव. वर गावठाण, खाली नाल्याकाठी भीमनगर, मध्ये शाळा. तेव्हा आठ वर्षं झाली होती त्या गोष्टीला. चौदा एप्रिलची मिरवणूक गावठाणातून जाणार की नाही, यावरून आठवडाभर धुसफूस चालली होती. मिरवणूक गेली, शांततेत गेली, लोकांना वाटलं मिटलं. दुसऱ्या दिवशी दुपारी, माणसं जेवून आडवी झाली असताना, वरून दीडदोनशे माणूस उतरला. हातात कुऱ्हाडी, सळया, रॉकेलचे डबे. एकोणीस घरं जळाली. सहा माणसं मारली. पाच पुरुष आणि एक बाळंतीण.

त्या पाचांत भिमाबाईचा एकुलता एक लेक होता, संघर्ष. डी.एड. झालेला, नोकरीची वाट पाहत शिकवण्या घेणारा. आग लागली तेव्हा त्याने आईला आणि तीन वर्षांच्या मनालीला नाल्यात उतरवलं, "बायकोले घेऊन येतो" म्हणून मागे वळला. बायको दुसऱ्या वाटेने वाचली. हा मात्र परत दिसला नाही. तिसऱ्या दिवशी एका पडक्या विहिरीत सापडला. सून पुढे माहेरी गेली, तिथून तिचं दुसरं लग्न झालं. मनाली आजीकडे राहिली.

तेवीस जणांवर खटला चालला. नऊ जणांना शिक्षा झाली. बाकीचे पुराव्याअभावी सुटले आणि गावात परत आले. संघर्षला मारलं म्हणून मात्र कुणालाच शिक्षा झाली नाही. नाल्यापासून विहिरीपर्यंत तो गेला कसा, त्याला शेवटचं जिवंत कुणी पाहिलं, हे कोर्टात कुणालाच सांगता आलं नाही.

तर अशा गावात या मॅडम कबड्डीचा संघ काढायला निघाल्या होत्या.

चौथ्या शनिवारी त्या ओट्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "आजी, मी शाळेत पाहिलं. पोरी खिचडी खायला दोन ओळींत बसतात. कुणी सांगत नाही, तरी बसतात. ज्यांनी केलं त्यांचं मला माहीत नाही. पण या मुलींनी तर काही केलं नाही ना?"

भिमाबाईने आत वळून पाहिलं. आत मनाली दाराच्या आडोशाला श्वास रोखून उभी होती.

"न्या," भिमाबाई म्हणाली. "पण पोट्टीच्या अंगाले कोनं वाकडा हात लावला तर तुमाले इचारीन."

पहिला महिनाभर नुसती भांडणं झाली. वरच्या पोरी वरच्यांचेच हात धरत, खालच्या खालच्यांचे. मॅडम ओरडायच्या, "साखळी म्हणजे साखळी! बोटांत बोटं घाला, नाहीतर चढाई करणारी तोडून जाईल!" शेवटी एक दिवस गावठाणातली पूनम नावाची पोर रांग सोडून आली, मनालीच्या बाजूला उभी राहिली आणि तिने मनालीचा हात धरला. पूनम मनालीपेक्षा दोन वर्षांनी मोठी. अबोल, अंगाने भरलेली, पकडीला लोखंडासारखी. त्या दिवसापासून उजव्या कोपऱ्यात मनाली आणि तिच्या शेजारी पूनम, ही जोडी ठरून गेली.

पूनम गजेंद्रची मुलगी. गजेंद्र त्या तेवीस जणांतला. सुटलेल्यांतला.

भिमाबाईला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. कोर्टात तिने त्याला वर्षानुवर्षं पाहिलं होतं. मान खाली घालून बाकावर बसायचा. पण तिच्या मनात मॅडमचं ते वाक्य बसलं होतं. पोरीने काय केलं? पोर तेव्हा पाच वर्षांची.

दोन वर्षं गेली. ही दोन वर्षं भिमाबाईच्या आयुष्यातली बरी वर्षं होती, हे तिला नंतर कळलं. पोरी एकमेकींच्या डब्यातलं खाऊ लागल्या. वरच्या आळीतल्या बायांनी आधी कुरकुर केली, मग संघाने अमडापुरात पहिली ढाल जिंकली तेव्हा त्याच बाया ओवाळायला उभ्या राहिल्या. आणि एक दिवस सरावानंतर मनालीबरोबर पूनम घरी आली. दारात चपला काढून म्हणाली, "आजी, पाणी देता काय?"

चाळीस वर्षांत वरच्या आळीतलं माणूस भिमाबाईच्या घरचं पाणी प्यालं नव्हतं. तिने तांब्या घासला, पुन्हा घासला, मग भरून दिला. पोरीने घटाघटा पाणी पिऊन तांब्या पालथा घातला.

मग ती येतच राहिली. भाकर-ठेचा खायची. भिमाबाईला कपाशी वेचून बोटं फुटलेली असली की तेल गरम करून लावून द्यायची. भिंतीवर तीन तसबिरी होत्या, बुद्धाची, बाबासाहेबांची आणि संघर्षची. पूनम नेहमी त्या भिंतीकडे पाठ करून बसायची. भिमाबाईने एकदा म्हटलं, "अवो इकडं वाऱ्यात बस ना." तर म्हणे, "इथंच बरं हाये, आजी."

यंदा सप्टेंबरात तालुक्याचा सामना होता. सतरा वर्षांखालच्या मुलींचा. निंबदरी जिंकली, पण शेवटच्या पकडीत मनालीचा घोटा मुरगळला. पोर जमिनीवर तडफडू लागली. भिमाबाई गर्दीतून पुढे सरकेपर्यंत एका माणसाने मनालीला लेकरासारखं उचललं होतं. गजेंद्र. त्याने तिला मोटरसायकलवर मधे बसवलं, मागे पूनमला बसवलं आणि दवाखान्याकडे गाडी दामटली. संध्याकाळच्या आत पट्टी बांधून तिला घरी आणून सोडलं.

भिमाबाईने त्याला पाहिलं. अंगणात उभा होता, ओट्यावर चढत नव्हता.

"चहा घ्या, गजेंद्रभाऊ."

त्याने कप दोन्ही हातांनी धरला आणि उभ्यानेच चहा संपवला. "येतो, भिमाबाई," एवढंच म्हणाला. त्या दिवशी सुचिता मॅडमशी फोनवर बोलताना भिमाबाई म्हणाली, "मानूस बदलते बाप्पा. मले नव्हतं वाटलं. पण बदलते."

मॅडम फोनवर रडल्या होत्या.

त्यानंतर पंधरा दिवसांची गोष्ट. जिल्ह्याचा सामना बुलढाण्याला आठ दिवसांवर आला होता. मनालीचा पाय बरा झाला होता. दुपारची वेळ, मनाली दळण घेऊन चक्कीवर गेलेली. पूनम आली आणि दाराजवळ बसली. भिमाबाई मुगाच्या शेंगा सोलत होती.

"आजी, एक सांगाचं हाये."

"सांग."

पूनम पहिल्यांदाच त्या भिंतीकडे तोंड करून बसली होती. संघर्षच्या तसबिरीकडे पाहत होती.

"हे आमच्या गोठ्यात आले व्हते, आजी."

भिमाबाईच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"त्या दिवशी. मी गोठ्यात वासराजवळ खेळून राह्यली व्हती. हे मागच्या भिंतीवरून आले. कुटाराच्या ढिगामागं बसले. त्याइच्या डोक्यातून रक्त येऊन राह्यलं व्हतं. मले पाह्यलं, तर तोंडावर बोट ठेवलं. म्हणे, सांगू नको बाई कोनाले. माई पोरगी तुयाहून लहान हाये, म्हणे."

बाहेर कुणीतरी बैलगाडी घेऊन गेलं. गाडी जाईपर्यंत पूनम थांबली.

"मंग बाबा आले. मोठे काका आले. अजून चार लोकं. बाबा मले म्हणे, पूनी, इकडं कोनी आलं काय वं? मले वाटलं लपाछपी चालू हाये, आजी." तिचा आवाज फाटला. "म्या हासली. अन् बोट दाखवलं."

भिमाबाईला काहीच ऐकू येईना. पोरीचे ओठ हलताना दिसत होते. मग हळूहळू शब्द पुन्हा कानात आले. त्याइले ओढत नेलं. ते माझ्याकडं पाहून राह्यले व्हते. आईनं मले घरात कोंडलं. मी कोनाले सांगतलं नाही, आजी. तुमच्या घरी पहिल्या दिवशी आली अन् फोटो पाह्यला.

"तुया बापानं हात लावला त्याले?" भिमाबाईने विचारलं. तो आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही.

पूनमने मान हलवली. हो.

ज्या हातांनी मनालीला उचललं ते हात. ज्या हातांत तिने कप दिला ते हात. भिमाबाई उठली. मांडीवरच्या शेंगा घरभर सांडल्या. "ऊठ," ती म्हणाली. "ऊठ अन् जाय इथून. माया घरात पाय ठेवू नको. मनालीच्या अंगाले हात लावू नको. जाय!"

पूनम उठली. तिने वाकून दोन-चार शेंगा गोळा केल्या, सुपात टाकल्या आणि गेली. चपला घालायला विसरली. थोड्या वेळाने कुणी पाहू नये म्हणून भिमाबाईने त्या उचलून घराच्या मागे ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी ती एसटीने बुलढाण्याला वकिलांकडे गेली. अपील अजून नागपूरला पडून होतं. वकील जुने, आपल्याच माणसांतले. त्यांनी चहा मागवला. "बोला, भिमाबाई."

"सायेब, एखादा नवा साक्षीदार भेटला तर?"

वकील खुर्चीत पुढे सरकले. "कोण आहे?"

"नाही, असंच इचारलं."

"अर्ज करता येतो. पण बाई, साक्षीदाराला कोर्टात उभं राहावं लागतं. उलटतपासणी होते. तिकडचे वकील सोलून काढतात. आणि गावात राहायचं असतं त्याला."

भिमाबाईच्या डोळ्यांपुढे पंधरा वर्षांची पोर पिंजऱ्यात उभी राहिली, समोर बाप, मागे सगळी वरची आळी. पहिला प्रश्न काय विचारतील हेही तिला कळलं. बोट कुणी दाखवलं? दहा वर्षं तिने याच एका गोष्टीची वाट पाहिली होती. लेकाला शेवटचं कोणी पाहिलं. आता ते नाव तिच्या तोंडात होतं आणि ते बाहेर निघत नव्हतं.

"तारखेचं इचाराले आली व्हती," ती म्हणाली, आणि परत आली.

पूनम सरावाला आली नाही. जिल्ह्याच्या सामन्यालाही आली नाही. उजव्या कोपऱ्यात मनालीच्या शेजारी दुसरी पोर उभी केली, तिची पकड सुटत राहिली. निंबदरी पहिल्याच फेरीत हरली. गाडीतून येताना मनाली पूनमला फोन लावत राहिली. घरी येऊन म्हणाली, "पूनम दुसरबीडले मामाच्या घरी गेली म्हणे. मले सांगतलंबी नाही. फोन उचलत नाही. जातीवर गेली आजी ते. शेवटी जातीवरच गेली."

भिमाबाई चुलीपुढे बसून होती. तिने मागे वळून पाहिलं नाही.

चार दिवसांनी सोयाबीन सोंगून परतताना गजेंद्र तिला शेताच्या धुऱ्यावर आडवा आला. त्याची दाढी वाढली होती. त्याने आजूबाजूला पाहिलं आणि खाली बसला, मातीतच.

"पोरीनं मले सांगतलं, भिमाबाई. तुमाले सारं सांगतलं म्हणे."

"हाव."

"आता काय करसान?"

भिमाबाईच्या हातात विळा होता. गजेंद्रने तो पाहिला, तरी हलला नाही. तिला वाटलं, याला विचारावं, माझा लेक काय म्हणत होता शेवटी, पाणी मागितलं का, आईचं नाव घेतलं का. पण याच्या तोंडून ते ऐकायची तिची तयारी नव्हती.

"पोरीले काऊन धाडलं तिकडं?" ती म्हणाली. "दहावीचं वर्स हाये तिचं. वापस आन तिले. शाळेत घाल. म्या कुठीच जात नाही, कोनाले सांगत नाही. पोरीसाठी नाही जात, तुयासाठी नाही. हे ध्यानात ठेव."

गजेंद्र दोन्ही हातांत डोकं धरून बसला. "मीनं नाही धाडलं, भिमाबाई. तिनंच बॅग भरली. म्हणे, आजीनं मले येऊ नको सांगतलं. म्या त्या गावात राहत नाही आता."

भिमाबाई तिथून निघाली.

रविवारी तिने पूनमच्या चपला पिशवीत घातल्या आणि दोन गाड्या बदलून दुसरबीडला गेली. मनालीला सांगितलं, पाहुण्यांकडे जाते. पूनमच्या मामाचं रस्त्याच्या कडेला चहा-नाश्त्याचं हॉटेल होतं. ट्रकवाले बाकांवर बसलेले. मामी भजी तळत होती. "गावची हाये मी, निंबदरीची," भिमाबाई म्हणाली. "पूनमले भेटाचं हाये." मामीने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि मागच्या बाजूला बोट केलं.

पूनम पाठीमागे टाकीजवळ ग्लास विसळत बसली होती. पंधरा दिवसांत वाळली होती. भिमाबाईला पाहून ती उभी राहिली. हातातून पाणी गळत होतं.

"आजी, तुमी काऊन आल्या?"

"बस." भिमाबाई तिच्यासमोर दगडावर बसली. वाटेत तिने बरंच जुळवून ठेवलं होतं, त्यातलं काहीच आठवेना. "पूनम, तू पाच वर्साची व्हतीस. पाच वर्साच्या लेकराले काय समजते वं? तुयी चूक नाही त्याच्यात. मीनं तुले जे म्हटलं ते माया तोंडून निंघालं. ज्याइले म्हणाचं व्हतं ते समोर नव्हते. तू समोर व्हतीस."

पूनम ओल्या हातांकडे पाहत राहिली.

"माफ कर मले, बाई. चाल घरी."

"त्याइनं मले सांगू नको म्हटलं व्हतं, आजी," पूनम हळूच म्हणाली. "तुमी म्हणता समजत नव्हतं. म्या पन लय वर्स स्वतःले तेच सांगतलं. पन सांगू नको म्हंजे काय, हे पाच वर्साच्यालेबी समजते."

रस्त्यावरून ट्रकांमागून ट्रक जात राहिले.

"शाळा?" भिमाबाईने विचारलं.

"सोडली."

"अन् कबड्डी? मॅडम रोज इचारते. तुयी जागा तशीच हाये म्हणते."

पूनमने मान हलवली. "आता हात नाही धरवत, आजी. मनालीचा हात धरला की मले त्या दिवसाचं आठोते. आधीबी आठवे. तवा वाटे, धरून ठेवला तर कमी होईन. पन नाही झालं." मग एकदम तिने विचारलं, "मनालीले सांगतलं काय तुमी?"

"नाही."

"नोका सांगू. ते मले फितूर समजून राह्यली, तेच बरं हाये. तिच्या बापाचं मले ठावं अन् तिले नाही, असंच राहू द्या."

भिमाबाईने हात पुढे केला. पोरीच्या तोंडावरून बोटं फिरवून स्वतःच्या कानशिलावर मोडली. बोटं कडाकडा वाजली. पूनम डोळे मिटून तशीच बसली. तेवढ्यात मामीने हाक मारली, ग्लास पाहिजेत म्हणून. पूनम उठली, ट्रे उचलला आणि पदरासारखी ओढणी कमरेला खोचून समोर गेली. तिने मागे पाहिलं नाही.

भिमाबाईने पिशवीतून चपला काढल्या, टाकीजवळ जोडून ठेवल्या आणि स्टँडवर आली. गाडीत खिडकीजवळ बसून ती रडली. लेकाला विहिरीतून काढलं तेव्हा रडली होती, तेव्हा चारचौघी धरायला होत्या. आता शेजारी एक अनोळखी म्हातारा बसला होता, तो बिचारा अंग चोरून बाजूला सरकला.

दिवाळीनंतर गावठाणातल्या चार पोरी संघातून निघाल्या. पूनमच गेली तर आपण कशाला, असं त्यांच्या घरच्यांनी म्हटलं. खालच्या दोघींनीही सोडलं. मॅडम अजून दर शनिवारी येतात. मैदानावर कधी पाच पोरी असतात, कधी चार. मॅडम भिमाबाईकडे येऊन बसतात आणि विचारतात, "काय झालं हो, आजी? कुठं चुकलं माझं?" भिमाबाई म्हणते, "तुमचं नाही चुकलं, मॅडम."

परवा मनाली जेवताना थांबली. "आजी, खरं सांग. पूनम काऊन गेली, तुले माहीत हाये काय?"

समोर भिंतीवर संघर्ष होता. मनालीचं नाक, डोळे, कपाळ सगळं त्याचं. भिमाबाईने तव्यावरची भाकर उलटली.

"नाही वं," ती म्हणाली. "मले काय माहीत?"

"म्या तिच्यासाठी सारं गाव सोडलं असतं, आजी," मनाली म्हणाली आणि अर्ध्या ताटावरून उठली.